रेक्टो की 5150? गेन दहावर ठेवणाऱ्यांनी आधी वाचा

रंकाळा_रिफ
रविवारी राजारामपुरीतल्या तालमीच्या खोलीत माझी गिटार गायब झाली. चोरीला नव्हे, आवाजात. घरी हेडफोन घालून दोन तास प्रोसेसरवर (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारी पेटी) ड्युअल रेक्टिफायर, म्हणजे रेक्टो, या गिटार ॲम्पचं मॉडेल जुळवलेलं: गेन (आवाज फाडणारं बटण) 8, बेस 7, मिड (मधला आवाज) 2, ट्रेबल (वरची धार) 7. एकट्यानं वाजवलं की नाद खुळा! ड्रमवाला आणि बेसवाला सुरू झाले आणि माझ्याकडनं नुसती माशी घोंघावायला लागली. वैतागून त्याच प्रोसेसरवर 5150 हा दुसरा ॲम्प लावला, गेन 5, मिड 6, आणि प्रत्येक पाम म्यूट (तळव्यानं तार दाबून मारलेला ठोका) ताशाच्या काडीसारखा सुटा ऐकू आला. माझं मत पक्कं झालं. बँडला 5150, रेक्टो घरी आरशासमोर. पटत नसेल तर या.

तिकटीवाला
भावा, तू ॲम्प बदललास की मिड? दोन्ही एकदम फिरवलंस आणि हार घातलास 5150 च्या गळ्यात. मिड 2 वर ठेवलास तर कुठलाबी ॲम्प बुडणारच की.

आता रेक्टोचं ऐक. त्यात बेस-मिड-ट्रेबलची बटणं गेनच्या टप्प्यांनंतर येतात. तू बेस कमी करेपर्यंत आत चिखल होऊन गेलेला असतो. मिसळ वाढल्यावर वरची तर्री काढून ठेवली म्हणून तिखट कमी होतंय व्हय? म्हणून ॲम्पच्या पुढं ट्यूब स्क्रीमर हा पेडल लावायचा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. डिस्टॉर्शन वाढवायला नव्हे. तो बेस ॲम्पात शिरायच्या आधीच छाटतो आणि मिड पुढं ढकलतो. मग बघ रेक्टो कसा घट्ट होतो.

रंकाळा_रिफ
म्हणजे कुबडी दिल्याशिवाय चालत नाही, असंच ना?

तिकटीवाला
5150 वाले निम्मे लोक तीच कुबडी घेऊन फिरतात. विचार कुणालाबी.

व्हॉल्व्हकाका
पोरांनो, भांडताय ते दोन्ही ॲम्प नव्वदीच्या सुरुवातीचे, दोन्हीत 6एल6 पॉवर ट्यूब (आवाज वाढवणारे काचेचे व्हॉल्व्ह). 5150 पिव्ही कंपनीनं गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनबरोबर काढला, 1992 ला. पुढं एडी नाव घेऊन गेला, म्हणून तोच ॲम्प 6505 झाला: 1965 ते 2005, कंपनीची चाळीस वर्षं. त्यामुळं ‘6505 वेगळाच वाजतो’ म्हणणारा भेटला की मी विषय बदलतो.

मूळ चूक हेडफोनमध्ये आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि वरची धार कमी ऐकू येते. घरी रात्री अकराला, आई ओरडेल म्हणून हळू वाजवतोस, म्हणून दोन्ही वाढवतोस. मोठ्या आवाजात ती आपोआप उसळतात आणि मिड खड्ड्यात जातो. टोन तालमीच्याच आवाजात जुळवायचा, ड्रम सुरू असताना. एकट्यानं ऐकलास तर नाक दाबून बोलल्यासारखा वाटेल. वाटू दे.

खालची_तार
मी बेसवाला, त्या खोलीत होतो. कुठलाबी ॲम्प लाव, मला काय फरक पडत नाही, पण माझ्या जागेवर बसू नको. सरळ ट्यूनिंगची तुझी जाड तार 82 हर्ट्झ, तू ड्रॉप सी करून (ती तार सैल करून सी स्वरावर आणून) 65 ला उतरतोस. तिथं मी आणि किकनं (ड्रमवाल्याच्या पायाखालच्या ढोलानं) एसटीच्या खिडकीतनं आधीच रुमाल टाकलाय. कॅबनंतर (स्पीकरच्या पेटीनंतर) 100 हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज छाटणारा फिल्टर, लाव. तुला वाटेल आवाज पातळ झाला. आम्हाला वाटेल गिटारवाला आला.

रंकाळा_रिफ
काल सगळं करून बघितलं. रेक्टो, गेन 5, मिड 6, पुढं स्क्रीमर, 100 ला हाय-पास. मान्य, ऐकू आली. मोकळे कॉर्ड सोडले की रेक्टो जे पसरतो ते 5150 ला जमत नाही, हेपण मान्य. पण जलद रिफला अजून थोडा मागं लोंबकळतो. माझं मत हललंय, पडलेलं नाही.

तिकटीवाला
लोंबकळतो? मॉडेलमध्ये रेक्टिफायर (ॲम्पातला विजेचा एसीचा डीसी करणारा भाग) डायोडवर होता की ट्यूबवर?

रंकाळा_रिफ
…ट्यूबवर.

तिकटीवाला
ट्यूबवर जोरात वाजवलं की व्होल्टेज क्षणभर बसतं, ॲम्प दम खातो. डायोडवर टाक आणि रविवारी परत ये.

खालची_तार
येताना हाय-पास काढू नको.