ब्रश कटर चालूच होत नाही, प्लग आणि पेट्रोल बदलून झालं. मदत हवी आहे

तापीकाठ_रावेर
ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) चालू होत नाही. प्लग नवा टाकला, पेट्रोल बदललं, एअर फिल्टर धुतला. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. केळीच्या मृगबागेत (मृगात लावलेल्या बागेत) गवत गुडघ्याला लागलंय, खत द्यायचं खोळंबलंय, मजूर मिळत नाही. मेकॅनिक म्हणतो चार दिवस ठेवून जा. काय असेल? लवकर सांगा.

गॅरेज_चोपडा
टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? किती सीसी? ठिणगी पाहिली का? नवा प्लग टाकला म्हणजे ठिणगी आलीच असं नसतं. आणि वीस-पंचवीस वेळा दोरी ओढल्यावर प्लग काढला तर ओला निघतो की कोरडा? एवढं सांगा, निम्मं काम तिथेच होईल.

शिरपूरकर_आप्पा
भाऊ, पेट्रोल कितला दिननं शे टाकीमा? आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, म्हणजे इंजिनात आधी तेच बिनऑइलचं पाणी जाणार. काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला की ओतून द्या.

तापीकाठ_रावेर
आप्पा, पेट्रोल बदललं असं वरच लिहिलंय. 52 सीसी टू स्ट्रोक आहे. प्लग कोरडा निघतो. ठिणगी कशी बघतात?

यावल_वायरमन
ठिणगी देणारी कॉइल गेली असणार. कॉइल बदला, विषय संपला.

गॅरेज_चोपडा
वायरमनभाऊ, न बघता कॉइल कशी बदलायला सांगता? प्लग कोरडा आहे, म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. तरी ठिणगी आधी बघून घ्या, तिला दोन मिनिटं लागतात.

प्लग काढून टोपीत बसवा. प्लगची धातूची बाजू सिलिंडरच्या पंखांना घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. पेट्रोलचा डबा बाजूला न्या, मशीन सावलीत घ्या आणि दोरी जोरात ओढा. निळी ठिणगी चट् आवाज करत पडली पाहिजे. प्लगचा गॅप 0.6 ते 0.7 मिमी. ठिणगी नसेल तर स्टॉप स्विचची बारीक वायर कॉइलवरून काढून परत बघा, बऱ्याचदा ती वायर दांड्यात घासून बॉडीला लागलेली असते. त्यानंतरच कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर बघायचं: साधारण 0.3 मिमी, मधे व्हिजिटिंग कार्ड घालून स्क्रू आवळले की बरोबर बसतं.

यावल_वायरमन
थंड असताना ठिणगी देणारी कॉइलही गरम झाल्यावर दगा देते, हे लक्षात ठेवा.

गॅरेज_चोपडा
खरं आहे, पण यांचं मशीन थंडच चालू होत नाहीये.

कांदेबाग_फैजपूर
केळीत ब्लेड वापरत असाल तर बंद करा, नायलॉनची तार लावा. ब्लेडचा टोला ठिबकच्या नळीला लागला की पाणी तिथेच वाया जातं, आणि खोडाला घाव बसला की तिथून सड शिरते. तारेनेही खोडापासून वीतभर लांबच कापा.

धुळे_बागायत
मी म्हणतो फोर स्ट्रोक घ्या. ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज कमी.

शिरपूरकर_आप्पा
फोर स्ट्रोकला वजन जास्त, ऑइलची पातळी रोज बघायची, आणि कार्बोरेटर तिथेही डायफ्रामचाच (आत पातळ पडदा असलेला). बरं रावेरवाले, ऑइल किती टाकता?

तापीकाठ_रावेर
लिटरला 20 मिली. ठिणगी आली, निळी आहे. आता पुढे?

धुळे_बागायत
20 कमी आहे, 40 टाका.

गॅरेज_चोपडा
डब्यावर आणि मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून टाका. 1:50 सांगितलं असेल तर लिटरला 20, 1:25 असेल तर 40. जास्त ऑइलने सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन धरतो, कमी ऑइलने पिस्टन घासतो. आत्ताची अडचण वेगळी आहे.

प्लगच्या भोकात चहाचा पाव चमचा मिश्रण टाका, प्लग बसवा, सांडलेलं पुसून घ्या आणि ओढा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं तर दोष कार्बोरेटरच्या बाजूला आहे. मग प्रायमरचा (पेट्रोल ओढायचा) फुगा सात-आठ वेळा दाबून तो कसा वागतो ते लिहा. मशीन किती दिवस पडून होतं तेही सांगा.

तापीकाठ_रावेर
तीन सेकंद चालून बंद पडलं. फुगा दाबला की वर येतो, पण आत नुसते बुडबुडे. मशीन फेब्रुवारीपासून पत्र्याच्या शेडमधे होतं, टाकीत पेट्रोल तसंच.

गॅरेज_चोपडा
हे पहिल्याच ओळीत हवं होतं, भाऊ. मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन, वर पत्रा आणि टाकीत पेट्रोल, यात रबर टिकत नाही. फुगा चपटाच राहिला असता तर फिल्टर किंवा पाइप तुंबलेला. बुडबुडे येतात म्हणजे पाइप कुठेतरी हवा ओढतोय. टाकीच्या बुचातून वाकडी तार घालून फिल्टर बाहेर ओढा आणि पाइप बोटांनी वाकवून चिरा बघा. टाकीत शिरतो त्या रबरापाशी हमखास चिरतो. नवे पाइप टाकताना अदलाबदल करू नका: फिल्टरवाला कार्बोरेटरला, दुसरा फुग्यातून टाकीत परत.

तापीकाठ_रावेर
फिल्टर सुटून तळाला पडला होता, पाइपाचं टोक तुटलेलं. दोन्ही पाइप बदलले. फुगा भरतो, चालूही झालं! पण रेस दिली की बंद. अर्ध्या चोकवर चालतं, तसंच वापरू का?

गॅरेज_चोपडा
नको. अर्ध्या चोकवर चालतं म्हणजे पेट्रोल कमी मिळतंय. टू स्ट्रोकमधे ऑइलही पेट्रोलातूनच येतं, मग पिस्टन जाम होईल. कार्बोरेटर खोला. मधे बारीक भोक असलेल्या झाकणाखाली मीटरिंगचा (पेट्रोल मोजून सोडणारा) डायफ्राम असतो, तो बोटाला मऊ लागायला हवा.

तापीकाठ_रावेर
उन्हात वाळवलेल्या पापडासारखा कडक झालाय. दाबला की कर्र वाजतो.

गॅरेज_चोपडा
पूर्ण डायफ्राम किट घ्या, जुना कार्बोरेटर दुकानात सोबत न्या, कारण दिसायला सारखे असले तरी भोकं वेगळी असतात. खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम. जेटमधे (पेट्रोलच्या बारीक भोकात) तार घालू नका, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पुरे. पंक्चरवाल्याकडची हवा मारायचीच तर सगळे डायफ्राम काढून मगच मारा.

तापीकाठ_रावेर
सावद्याला निघालो किट आणायला. संध्याकाळी लिहितो.

कांदेबाग_फैजपूर
येताना 2.4 मिमीची नायलॉन तार पण आणा, तुमच्या कटरच्या डोक्याला बसत असेल तर.