मिंटवर वायफाय दर वीस मिनिटांनी तुटतंय, मदत हवी आहे

मंडळी, लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नल (तिचा गाभा) ६.८. नाशिकला सिडकोत भाड्याने राहतो. राउटर खाली घरमालकांकडे, २.४ गिगाहर्ट्झवर. सेटिंग बदलायला मिळणार नाही (पासवर्ड मिळाला हेच खूप). लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही, पण मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवर (केबलने मोबाइलचं नेट घेऊन) पॅकेजेस उतरवता येतात.

वीसेक मिनिटांनी वायफाय तुटतं, लगेच पुन्हा जोडलं जातं. तेवढ्यात चालू मीटिंग गेलेली असते. त्याच टेबलावर मोबाइल मात्र सुरळीत.

आरएफकिलमध्ये (वायरलेस बंद आहे का ते दाखवणारी कमांड) काही ब्लॉक नाही. नेटवर्कमॅनेजर या जोडणी सांभाळणाऱ्या सर्व्हिसच्या कॉन्फ (सेटिंग) फाइलमध्ये पॉवरसेव्ह ३ चं २, म्हणजे वायफायची वीजबचत बंद, करून रीस्टार्ट केलं. आयडब्ल्यू ही वायफायची स्थिती दाखवणारी कमांडही आता पॉवरसेव्ह बंद दाखवतंय. जुनं कनेक्शन पुसून नव्याने जोडलं. फरक शून्य. गंमत म्हणजे त्याच मिंटच्या लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून) दोन तास एकदाही तुटलं नाही, त्यामुळे वायफाय कार्डावर संशय नाही. फॉरमॅट करायला सांगू नका, कामाचं सगळं इथेच आहे.

डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) दर वेळी 'डीऑथेंटिकेटिंग... बाय लोकल चॉइस, रीझन ३' (स्वतःच्या निर्णयाने जोडणी सोडतोय) येतं. म्हणजे राउटर हाकलत नाही, लॅपटॉपच स्वतःहून बाहेर पडतोय ना? मग हा हुकूम नेमकी कुठली सर्व्हिस देते, ते जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदींमध्ये) कसं पकडायचं?