प्रतिसाद: चंद्रतालला जायचं तर मनालीकडून का शिमल्याकडून?

वर कुणीतरी म्हणायलेत की अटल टनेल (रोहतांग खिंडीखालचा बोगदा) झाल्यापासून मनालीहून एका दिवसात चंद्रताल, म्हणजे हिमाचलातल्या लाहौल-स्पितीमधलं उंचावरचं तळं, सहज होतं. होतं हो, गाडी पोचते, डोकं पोचत नाही, एकदम एवढ्या उंचीवर गेलं की विरळ हवेचा त्रास होतो. मनाली जेमतेम २००० मीटर, तळं ४२०० च्या वर, आणि आपण परभणी-जालन्याचे सपाटीवरचे लोक, रात्री तंबूत डोकं ठणकायला लागलं की मग तिथं ना दवाखाना ना रेंज. म्हणून आम्ही उलटं केलं, शिमला, कल्पा, नाको, काझा असं हळूहळू चढत गेलो आणि कुंझुम पास (खिंड) उतरून शेवटी तळ्यावर. दिवस जास्त लागतात, पण बरोबरच्या काकांना सुद्धा काही त्रास झाला नाही.

अजून एक, मनालीच्या बाजूचा ग्रामफू ते बातल रस्ता म्हणजे नुसते दगड अन् नाले. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नाल्यांना पाणी वाढतं, त्यामुळं ड्रायव्हर किती बी म्हणला तरी सकाळी लवकरच निघायचं. तंबू तळ्याच्या काठावर लावू देत नाहीत (बरंच आहे, नाहीतर आपल्या लोकांनी काय केलं असतं सांगायला नको), कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात. कॅश जवळ ठेवा, फोनपे विसरा.

आणि विमानाचे पैसे कशाला घालता, नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट अंबाल्याला सोडते, तिथून पुढं शिमल्याला जाता येतं, वाटेत लंगर मिळतो, फक्त ताट-वाटी घरून न्या.