'साउंड' हा एक शब्द की चार?

अडलेला_अनुवादक

एका जुन्या सागरी प्रवासवर्णनाचं भाषांतर चालू आहे आणि 'साउंड'पाशी गाडं अडलंय. एकाच प्रकरणात हा शब्द चार तऱ्हांनी आलाय: 'अँकर्ड इन द साउंड', 'द हल इज साउंड', 'वी आर इन साउंडिंग्ज' आणि 'द व्हेल साउंडेड'. आवाज हा अर्थ एकातही बसत नाही. शब्दकोश उघडला तर चार स्वतंत्र नोंदी, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक आकडा. मूळ अर्थ आवाज आणि बाकीचे त्यातून फुटले, असं आहे का? तसं असेल तर आवाजातून 'धडधाकट' कुठून आलं? आणि या वाक्यांना मराठीत काय म्हणायचं?

कोशकीटक

फुटलेले नाहीत. चार ठिकाणांहून आलेले शब्द इंग्रजीत येऊन घासून घासून सारखे दिसायला लागले, एवढंच. डोक्यावरच्या बारीक आकड्यांचा अर्थच तो. कोशकार एका शब्दाच्या अर्थछटा एकाच नोंदीखाली देतात आणि कूळ वेगळं असेल तर नोंद वेगळी करतात.

आवाज: लॅटिन 'सोनुस', तिथून फ्रेंच 'सों', तिथून मध्ययुगीन इंग्रजीत 'सून'. शेवटचा 'ड' मुळात नव्हताच. 'न' म्हणताना हवा नाकातून जाते आणि जीभ वरच्या दातांमागे टेकलेली असते. जीभ सुटायच्या आधीच नाकाची वाट बंद झाली की आपोआप 'ड' ऐकू येतो. हा 'ड' साधारण १३५० ते १५५० या काळात स्थिरावला. 'थंडर'मधला 'ड' असाच उपरा, जुनं रूप 'थुनोर' होतं. आपल्याकडे आम्रचा आंबा आणि ताम्रचं तांबं झालं ते याच युक्तीने, फक्त तिथे 'म' असल्यामुळे 'ब' उगवला. वानरचं वांदर तर थेट 'थंडर'चंच भावंड. जाता जाता: 'सोनुस' आणि संस्कृत 'स्वन' एकाच मुळाचे. आपला 'ध्वनी' मात्र त्या घरचा नाही.

धडधाकट: जुनं इंग्रजी 'गेसुंद'. पुढचा 'गे' गळून पडला, जर्मनमध्ये तो अजून शाबूत आहे. शिंकल्यावर जर्मन माणूस 'गेसुंडहाइट' म्हणतो, तोच हा शब्द. 'सेफ अँड साउंड', 'साउंड माइंड', 'साउंड स्लीप' सगळे याच घरातले. तर्कशास्त्रातला 'साउंड' युक्तिवादही. तिथे एक खाच आहे: नुसता 'व्हॅलिड' युक्तिवाद म्हणजे गृहीतकांवरून निष्कर्ष नीट निघतो, 'साउंड' म्हणजे त्याशिवाय गृहीतकंही खरी आहेत. दोन्हींना 'योग्य' म्हणून मोकळं झालं की परिच्छेदाचा अर्थच जातो.

सामुद्रधुनी: जुनं नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा, तिच्यातला 'सुंद', म्हणजे पोहणं आणि पोहून जाता येईल असा पाण्याचा पट्टा. 'स्विम'शी नातं आहे. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीलाही इंग्रजीत 'साउंड' म्हणतात, तोही इथलाच.

खोली मोजणं: फ्रेंच 'सोंदे'. याच्या मुळाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं लॅटिन 'सुब उंदा', लाटेखाली. दुसरं म्हणतं हा उत्तरेकडच्या 'सुंद'चाच फ्रेंच अवतार, कारण जुन्या इंग्रजीत खोली मोजायच्या काठीला 'सुंदग्यर्द' म्हणत. दुसरं खरं धरलं तर तिसरा आणि चौथा हे चुलतभाऊ.

तिरपागडा

'धडधाकट'बद्दल शंका आहे. मडकं घेताना टिचकी मारून बघतात, ठण्ण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा. म्हणजे चांगला आवाज देतं ते साउंड. हे सरळ नाही का?

कोशकीटक

सरळ आहे, पण इंग्रजीच्या बाबतीत चूक. 'गेसुंद' जुन्या इंग्रजीत होता, तेव्हा आवाजाचा 'सून' फ्रेंचमधून आलेलाच नव्हता. शिवाय जर्मनमध्ये 'गेसुंड'चा आवाजाशी काडीचा संबंध नाही.

गंमत अशी की तुमची व्युत्पत्ती मराठीला चपखल लागू पडते. 'ठणठणीत' आणि 'खणखणीत' हे दोन्ही आवाजातूनच आले. ठणठणीत तब्येत, खणखणीत नाणं, खणखणीत पुरावा. इंग्रजांकडे योगायोगाने जे झालंय ते आपण खरोखर केलंय. त्यामुळे 'साउंड एव्हिडन्स'ला 'खणखणीत पुरावा' हे भाषांतर बिनधास्त वापरा.

शीड_आणि_दोर

प्रश्नातल्या वाक्यांकडे येतो.

'अँकर्ड इन द साउंड': सामुद्रधुनीत नांगर टाकला. फक्त पुस्तक कुठल्या समुद्राचं आहे ते बघा. बाल्टिकच्या संदर्भात नुसतं 'द साउंड' म्हटलं तर ते विशेषनाम असतं, डेन्मार्क आणि स्वीडनमधली ओरेसुंद सामुद्रधुनी. तिथे डेन्मार्कने १४२९ पासून १८५७ पर्यंत जहाजांकडून जकात घेतली, तिचं नावच 'साउंड ड्यूज'. उलट, नावात साउंड आहे म्हणून सामुद्रधुनी असेलच असंही नाही. न्यूझीलंडचं मिलफर्ड साउंड हे फ्योर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल खाडी, एका बाजूने बंद. तिथे 'सामुद्रधुनी' लिहिलंत तर नकाशा बघणारा वाचक हसेल.

'हल इज साउंड': जहाजाचा सांगाडा भक्कम आहे, कुठे फुटतुटीचा नाही.

'इन साउंडिंग्ज': हे फसवं आहे. अर्थ असा की दोराला बांधलेलं शिशाचं वजन तळाला टेकेल इतक्या उथळ पाण्यात आलो, म्हणजे किनारा जवळ करतोय. रूढ हद्द १०० फॅदम, म्हणजे ६०० फूट किंवा सुमारे १८३ मीटर. मी 'दोर तळाला लागू लागला' असं करेन. फॅदमला 'वाव' वापरा, दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर. 'फॅदम'चा मूळ अर्थही पसरलेले हातच.

पुढच्या पानांवर हा दोर बहुतेक भेटेलच, म्हणून रचना सांगतो. हाताने टाकायचं शिसं ७ ते १४ पौंडांचं. त्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरायची. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येतो आणि त्यावरून जहाज कुठे आहे याचा अंदाज बांधतात. दोरावर २ वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ वर तीन, ५ वर पांढरं फडकं, ७ वर लाल, १० वर भोक पाडलेलं चामडं. कापडाचा पोत मुद्दाम वेगळा, म्हणजे अंधारात नुसत्या स्पर्शाने कळावं. खूण असलेल्या आकड्याला 'मार्क', मधल्या बिनखुणेच्या आकड्याला 'डीप'. म्हणून आरोळी 'बाय द मार्क फाइव्ह' पण 'बाय द डीप फोर'. हा 'डीप' म्हणजे 'खोल' नव्हे. 'मार्क ट्वेन' म्हणजे दोन वाव, १२ फूट. लेखकाचं टोपणनाव नदीवरच्या याच आरोळीतलं.

दोर तिरका राहिला तर खोली जास्त भरते आणि जहाज वाळूत रुतू शकतं. म्हणून चालत्या जहाजावरून शिसं पुढच्या दिशेला फेकायचं आणि दोर सरळ उभा आला त्या क्षणी खूण वाचायची. खुणा दोर भिजवून, ताणून मगच बांधायच्या, कारण कोरडा दोर पाण्यात आखडतो.

'द व्हेल साउंडेड': व्हेलने खोल बुडी मारली. तिचा आवाज बिवाज काही नाही.

अडलेला_अनुवादक

चारही सुटली, आभार. आता उरलेल्यांवरही संशय यायला लागलाय. 'साउंडिंग बोर्ड', 'साउंड आउट', 'साउंडिंग रॉकेट' आणि 'सोनार' यात कोण कुठल्या घरचं?

कोशकीटक

'साउंडिंग बोर्ड' आवाजाच्या घरचा. चर्चमध्ये व्यासपीठाच्या डोक्यावर फळी असे, बोलणाऱ्याचा आवाज लोकांकडे परतवायला. तिथून 'ज्याच्यापुढे विचार बोलून बघावेत तो माणूस' हा अर्थ आला. खोली मोजण्याशी त्याचा संबंध जोडतात तो चुकीचा.

'साउंड आउट' दोन्ही घरचा आहे, म्हणून जपून. माणसाला 'साउंड आउट' करणं हे खोली मोजण्यातलं: अंदाज घेणं, चाचपणी करणं, खडा टाकून बघणं. मूल शब्द 'साउंड आउट' करतं ते आवाजातलं: अक्षरांचे उच्चार जोडून वाचणं. पुढे कर्म माणूस आहे की शब्द, तेवढं बघा.

'साउंडिंग रॉकेट' खोली मोजण्यातलं, फक्त दिशा वरची. वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणं नेऊन मोजमाप घेतं आणि कक्षेत न जाता खाली येतं. 'ध्वनी रॉकेट' असं भाषांतर दिसलं तर पुढचं पान वाचूच नका.

शीड_आणि_दोर

'सोनार', म्हणजे आवाजाच्या मदतीने पाण्याखालच्या वस्तू शोधणारं यंत्र, हे आद्याक्षरांचं नाव आणि त्यातला साउंड आवाजाचा. पण 'इको साउंडर'मधला 'साउंडर' खोली मोजणारा. आवाज पाठवून खोली मोजणारं हे यंत्र, म्हणजे नावात एक साउंड आणि कामात दुसरा. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.४ सेकंदाने आला तर १५०० × ०.४ = ६०० मीटर, आणि तो जाऊन आलाय म्हणून खोली ३०० मीटर. निम्मं करायला विसरणं ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे वेग ठरीव धरणं. गार किंवा गोड्या पाण्यात तो कमी होतो, मग यंत्र खऱ्यापेक्षा जास्त खोली दाखवतं.

गाठ_टाका

एक राहिला. शस्त्रक्रियेच्या हत्यारांतही 'साउंड' असतो: शरीरातल्या पोकळीत घालायची बारीक, बोथट टोकाची सळई. तो फ्रेंच 'सोंद'चाच, खोली मोजणारा. गर्भाशयाच्या साउंडवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. वैद्यकीय कागदांत 'युटरस साउंडेड टू सेव्हन सेंटिमीटर्स' असं आलं तर 'गर्भाशयाची खोली ७ सें.मी. भरली' असं लिहायचं.