राण्या होत्या, म्हणून काश्मिरी बायकांचं बरं होतं का?

वितस्ता (धागाकर्ती)
आमच्या वाचनगटात एकजण म्हणाली, "काश्मिरी बायका पहिल्यापासून बिचाऱ्याच." मला ते सहन झालं नाही. ९५८ साली काश्मीरचा राजा क्षेमगुप्त वारला तेव्हा त्याची राणी दिद्दा सती गेली नाही. आधी मुलाच्या, मग नातवांच्या नावानं तिनं कारभार हाकला आणि शेवटची वीसेक वर्षं, १००३ मध्ये मरेपर्यंत, स्वतःच्या नावानं राज्य केलं. नवरा जिवंत असतानाच त्याच्या नाण्यांवर तिच्या नावातलं 'दि' होतं! तिच्याआधी सुगंधा, पुढे १३३९ मध्ये शाहमीरकडून (जो मग सुलतान झाला) हरलेली कोटाराणी. एका खोऱ्यात इतक्या राज्यकर्त्या. हे शाळेत का शिकवत नाहीत?

जुनी पोथी
ताई, असहमत. सुगंधेच्या नाण्यांवर 'सुगंधादेव' असं आहे, 'देवी' नाही. गादीवर बसायला पुरुषाची उपाधी लागत असेल, तर ती बायकांची परंपरा कशी? तीन राण्यांमध्ये चारशे वर्षं आहेत. तेवढ्या काळात राजे किती झाले ते मोजा. दिद्देनं नातवांना मारलं असं काश्मीरचा इतिहासकार कल्हण लिहितो, तेही अभिमानानं शिकवायचं का?

वितस्ता
कल्हणानं राजतरंगिणी (काश्मीरच्या राजांचा इतिहास) लिहिली ती दिद्देनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. राजानं भाऊबंद कापले की राजकारण, आणि तिच्यावर मात्र चेटकाचा आळ. मी तिला देवी म्हणत नाहीये. ती समर्थ होती, एवढंच माझं म्हणणं.

केशरी_उन्हाळा
तुम्ही दोघंही राजवाड्यातून बाहेर या. मी दोन वर्षं श्रीनगरला राहिले. घरमालकीणबाई दुपारी येंदर (तिकडचा चरखा) घेऊन खिडकीशी बसायच्या आणि पश्म (पश्मिन्याची बारीक लोकर) कातायच्या. पश्मिन्याचं सूत बायकांनी कातायचं, मागावर पुरुषानं विणायचं, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. शालीचं कौतुक झालं की विणकराचं नाव निघतं. केसाएवढा बारीक धागा काढणाऱ्या बाईचं कुणी विचारत नाही. काश्मिरी बाईचा इतिहास मला त्या खिडकीत दिसतो, नाण्यावर नाही.

जुनी पोथी
अगदी हेच. आणि लल्लेश्वरी आठवा. चौदाव्या शतकातली संत कवयित्री. सासू ताटात दगड ठेवून वर भाताचा पातळ थर द्यायची, म्हणजे लोकांना वाटावं सुनेला भरपूर वाढलंय. घरात मोठा मेंढा कापा नाहीतर कोकरू, लल्लाचा दगड काही चुकत नाही, ही म्हण तिकडे अजून आहे. संतपदाला पोचलेल्या बाईची सासरी ही गत, मग बाकीच्यांची काय असेल?

वितस्ता
पण तीच लल्ला घर सोडून निघाली आणि संस्कृत बाजूला ठेवून काश्मिरीत वाख (छोटी पदं) बोलली. पंडित तिला लल्लेश्वरी म्हणतात, मुसलमान लल्ला आरिफा. आपल्याला मुक्ताई-जनाई माहीत आहेत, म्हणून तिची ताकद आपल्याला तरी कळावी.

केशरी_उन्हाळा
ताकद होती, नाही कोण म्हणतं? हक्क होते का, ते सांगा. नॅशनल कॉन्फरन्स पक्षाच्या १९४४ च्या 'नया काश्मीर' जाहीरनाम्यात बायकांची वेगळी सनद होती, समान वेतनासकट. तरी राज्याबाहेरच्या माणसाशी लग्न केलेल्या मुलीचं कायम रहिवासीपण (तेव्हा राज्यात जमीन घेण्याचा हक्क देणारा दर्जा) जात नाही, हे उच्च न्यायालयानं सांगायला २००२ उजाडलं. २००४ मध्ये विधानसभेनं ते उलटवणारं विधेयक मंजूरही केलं होतं, विधान परिषदेत अडलं म्हणून बरं. आणि नवरा बेपत्ता झालेल्या, धड सधवा ना विधवा अशा बाया? १९९० मध्ये घर सोडून जम्मूच्या छावणीत तंबूत संसार मांडलेल्या पंडित बायका? त्यांना दिद्देचा काय आधार?

वितस्ता
याला माझ्याकडे उत्तर नाही. 'परंपरा' हा माझा शब्द मी मागे घेते. 'बिचाऱ्या' मात्र मान्य करणार नाही. दिद्देचा पाय अधू होता. वल्गा नावाची भारवाहक बाई तिला पाठीवर घेऊन फिरवायची. त्या वल्गेनं स्वतःच्या नावानं मठ बांधला, आणि ही नोंद त्याच कल्हणानं ठेवली आहे. ओझं वाहणारी बाई, केशरीताई, राणी नव्हे.

केशरी_उन्हाळा
वल्गा मला माहीत नव्हती. पुढच्या वेळी गेले की घरमालकीणबाईंना सांगेन. कातता कातता त्या मला हब्बा खातूनची (सोळाव्या शतकातली काश्मिरी कवयित्री) गाणी ऐकवायच्या, आता मी त्यांना हिची गोष्ट ऐकवेन.