मदत हवी आहे: गारठ्यात सकाळी गिअरचा दिवा लागतो, दुपारी गाडी ठणठणीत (नाशिक)

मंडळी, नमस्कार. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी), हायड्रॉलिक ॲक्च्युएटरवाली (तेलाच्या दाबावर क्लच-गिअर हलवणारा भाग), म्हणजे ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून पंप घुर्र करतो ती. राहायला गंगापूर रोडला, पार्किंग उघड्यावर. रोज पहाटे सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत ड्युटीला जातो, मोहदरी घाटातून.

डिसेंबर लागला तसा त्रास सुरू झाला. दार उघडलं की पंप नेहमीपेक्षा बराच वेळ घुरघुरतो. चावी फिरवली की गिअरचा दिवा लागतो आणि 'एन' (न्यूट्रल) लुकलुकतो. सेल मारला की कधी नुसतं टक्. कधी गाडी सुरू होते, पण एबीएस आणि पॉवर स्टिअरिंगचे दिवेही सोबतीला येतात. घड्याळ मधूनच बारावर जाऊन बसतं. चावी बंद करून जरा थांबलं आणि परत सुरू केली की सगळे दिवे गायब. दुपारी उन्हात उभ्या गाडीला यातलं काहीच होत नाही.

वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी ॲक्च्युएटरची पूर्ण असेंब्ली बदलायला सांगितली. आकडा ऐकून खुर्चीत बसलो. एवढ्या पैशात या गाडीची अर्धी किंमत निघेल. मित्राच्या ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरवर (गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे कोड वाचणारं यंत्र) तीन कोड दिसले: पी०५६२, पी०७०० आणि यू०१०१. बॅटरी चार वर्षांची आहे, पण हॉर्न आणि हेडलाइट व्यवस्थित चालतात, म्हणून तिच्यावर संशय घ्यावा की नाही कळत नाही. डॅशकॅम बाहेरून जोडून घेतलाय.

विचारायचं एवढंच: हा गिअरबॉक्सचा आजार आहे की विजेचा? आणि घाटात मध्येच गिअर सुटेल का?

प्रतिसाद
असेंब्लीला हात लावू देऊ नका. कोड नीट वाचा. पी०५६२ म्हणजे गाडीतलं व्होल्टेज कमी पडलं. यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी बोलणं तुटलं. पी०७०० हा स्वतंत्र बिघाड नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने आपली तक्रार इंजिनच्या कंट्रोलरकडे पोचवली, इतकाच त्याचा अर्थ. गिअर, एबीएस आणि स्टिअरिंग एकाच सकाळी आजारी पडत नाहीत. तिघांचा वीजपुरवठा मात्र एकच.

हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली, असं नसतं. हॉर्नला लागतात मोजके ॲम्पिअर, स्टार्टर शंभराच्या वर ओढतो. त्यात गारठ्याने इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे स्टार्टरला जोर जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावलेली असते. खरं तर बॅटरी मरते आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात. बातमी डिसेंबरात कळते.

प्रतिसाद
आम्ही निफाडकर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो ना, तो गारठा आमच्या अंगणातला! द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ आली की इकडे जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या धडाधड माना टाकतात. आणि दादा, बॉनेट उघडून उंदीर बघा. थंडीत ते ऊब शोधत इंजिनपाशी येतात आणि वायरी कुरतडतात. माझ्या गाडीत ब्रेक पेडलच्या स्विचची वायर खाल्ली होती. एएमटीला ब्रेक दाबल्याचं कळलंच नाही, तर ती सेल मारू देत नाही.

प्रतिसाद
ॲक्च्युएटर अगदीच निर्दोष ठरवू नका. या प्रणालीत पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो ॲक्युम्युलेटरमध्ये साठतो. ॲक्युम्युलेटरमधला वायू गळाला की दाब टिकत नाही. ओळख सोपी आहे: गाडी गरम झाल्यावर मुंबई नाक्याच्या सिग्नलला खिडकी खाली करून ऐका. जवळपास प्रत्येक गिअरला पंप घुरघुरत असेल, तर ॲक्युम्युलेटर गेला. त्रास फक्त पहाटे असेल, तर आधी वीज. तेलाची पातळीही बघून घ्या.

आता मोजमाप. साधा मल्टिमीटर आणि सोबत एक माणूस लागेल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी. सेल मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. गाडी सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं, तर अल्टरनेटर ठीक.

यानंतरची चाचणी बहुतेक गॅरेजवाले करतच नाहीत. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नाही) आणि दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरा, मग दुसऱ्याला ब्रेक दाबून सेल मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या धातूला जोडणारी) गंजलीय. दव पडून तिच्या बोल्टखाली हिरवट-पांढरा गंज धरतो, वरून पट्टी चांगली दिसते.

बॅटरी सोडवायची असेल तर चावी काढून थोडा वेळ थांबा, मग आधी निगेटिव्ह सोडवा. काही गाड्यांत नंतर स्कॅनरने क्लच आणि गिअर पुन्हा शिकवावे लागतात, हे वायरमनला आधीच विचारून घ्या.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मोजलं. पहाटे १२.१, सेल मारताना ८.७, गाडी सुरू झाल्यावर १४.१. गिअरबॉक्सकडचा आकडा ०.७! पट्टी काढली तर बोल्टखाली अख्खा हिरवा थर. ती बदलून जागा घासून घेतली. दिवे बरेच कमी झाले, पण सेल अजून जड आहे, म्हणजे बॅटरी घ्यावीच लागणार. सिग्नलला पंप गप्प असतो. आता दुकानदार म्हणतो मोठ्या ॲम्पिअर-अवरची घ्या. घेऊ का?

प्रतिसाद
ट्रेमध्ये घट्ट बसत असेल आणि टर्मिनल त्याच बाजूला असतील तर थोडी मोठी चालते. पण त्यापेक्षा सीसीएचा आकडा (थंडीत सेल मारताना बॅटरी किती करंट देऊ शकते तो) आणि बनवल्याचा महिना बघा, दुकानात पडून राहिलेली घेऊ नका. डॅशकॅम चावी बंद केल्यावरही चालू राहतो का तेही बघा. गाडी झोपल्यावर ५० मिलिॲम्पिअरच्या वर करंट जात असेल, तर नवी बॅटरीही तशीच बसेल.

घाटाचं म्हणाल तर, नवी बॅटरी बसवून कोड पुसा आणि थोडे दिवस शहरातच चालवा. गिअरचा दिवा चालत्या गाडीत एकदाही लागला, तर मोहदरी चढू नका, थेट स्कॅनरवर घ्या.