कोल्हापूरच्या आसपासचं हिरवं : तुमचे अनुभव सांगा

वळीव पडून गेला की सगळीकडं नवीन कोंब दिसायला लागतात आणि दरवर्षी वाटतं, आपल्यातल्या कितीजणांना दारासमोरचं झाड नावानं माहिती असेल? दाजीपूरला गवे बघायला सगळेच जातात, १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, जायलाच पाहिजे. पण हा धागा शहरातल्या आणि शहराला लागून असलेल्या झाडापाखरांसाठी. काय दिसलं, कधी दिसलं, काय केलं की टिकतं ते लिहा. फॉरवर्ड नको, स्वतः बघितलेलं पाहिजे.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमच्या दारात कढीपत्ता आहे, त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. अळी आधी काळपट-पांढरी, हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी, मग कात टाकत टाकत हिरवीगार होते, आणि काडीनं जरा डिवचली की डोक्यामागनं दोन लालभडक शिंगं बाहेर काढते, वास पण उग्र येतो. आमच्या गल्लीतल्या पोरांनी हे बघितल्यापासून ती कुणाला औषध मारू देत नाहीत. थोडी पानं खाते, खाऊ दे की. लिंबू असेल तर नीलवंत पण येईल, आपलं राज्य फुलपाखरू आहे ते.

कपिलतीर्थ मार्केटजवळून

मी भाज्यांचं लिहिते. पावसाळ्यात मंडईच्या कडंला पन्हाळा-गगनबावडा भागातल्या बायका खाली पोतं टाकून बसतात ना, त्यांच्याकडं बघा. जूनमध्ये टाकळा, कोवळा असतानाच घ्यायचा, नंतर चरबट होतो. मग कुर्डू, पाथरी, घोळ, आणि करटोली आली की पिशवी भरून घ्यायची कारण चार दिवसात गायब. भारंगी कडू असते म्हणून लोक घेत नाहीत, पण पानं उकडून पाणी पिळून टाकलं आणि भरपूर कांदा-लसूण, भिजवलेली डाळ घालून परतली की भाकरीबरोबर तिच्यासारखी भाजी नाही. मी त्या मावशींना प्रत्येक भाजीची जागा विचारते, बांधावरची की डोंगरातली, त्या हौसेनं सांगतात. एकच विनंती, फोटो बघून स्वतः तोडून खाऊ नका. शेवळासारख्या भाज्या नीट केल्या नाहीत तर घसा खाजून हैराण होतो, आणि सारखी दिसणारी विषारी पानं पण असतात. ओळखणाऱ्या माणसाकडनंच घ्या.

कसबा बावड्यातून

आमचं रान नदीकडंला. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरात पाणी रानात होतं. पाणी उतरल्यावर काठानं चालत गेलो तर फरक डोळ्यानं दिसत होता. जिथं करंज, उंबर आणि खाली झुडपं होती तिथं काठ जागेवर, आणि जिथं ऊस अगदी कडंपर्यंत लावलेला तिथं दरड तुटून माती गेलेली. करंजाची मुळं बघा उघडी पडलेली असली तरी मातीला धरून बसलेली असतात. त्यानंतर आम्ही कडंच्या उसाच्या दोन सऱ्या सोडल्या आणि करंज लावला, गुरं तोंड लावत नाहीत त्याला फारसं, म्हणून जगतो. घरात आधी कुरकुर झाली, उसाचं टनेज जातंय म्हणून, पण जमीनच गेली तर ऊस कुठं लावणार. उंबर आपोआप आला, पाखरांनी आणला. आता फळं धरली की हरियाल (हिरवी कबुतरं) येतात, थवाच्या थवा, पानात बसले की दिसत नाहीत, फळं खाली पडायला लागली की कळतं.

सागरमाळहून

शिवाजी विद्यापीठात सकाळी फिरायला जाणाऱ्यांनो, कानातले इअरफोन काढून चाला जरा, मोर ओरडत असतात. मी तिथंच बॉटनीला होते. कंदीलपुष्प पहिल्यांदा बघितलं ते विभागाच्या बागेत. आपल्या विद्यापीठानं या कंदीलपुष्पांवर लई मोठं काम केलंय, दुर्मिळ जाती वाढवल्यात. फुलाची नळी असते, आत खालच्या दिशेनं वळलेले केस, बारीक माशी आत शिरते आणि परत वर येता येत नाही, मग केस सुकले की सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलात जाते. हे भिंगातनं बघितलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते. याचे कंद खातात लोक, साळिंदर पण उकरतं, त्यामुळं डोंगरात वेल दिसला तर जागा सोशल मीडियावर टाकू नका, प्लीज.

राजारामपुरीतून

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी, रसवंतीवाल्याकडनं उसाची चिपाडं आणा, तो फुकट देतो. दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा नाहीतर मुंग्या लागतात. खाली चिपाडं, वर पालापाचोळा, मग शेणखत मिसळलेली माती. वाफा हलका राहतो, स्लॅबवर वजन येत नाही.

फुलेवाडीतून

मसाई पठारावर सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर गाडी पठारावर घालू नका, हे मी हात जोडून सांगतोय. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो, त्यातच ती निळी-जांभळी सीतेची आसवं उगवतात, आणि जमिनीखाली त्यांच्या बारीक पिशव्या किडे पकडत असतात कारण त्या मातीत खायला काहीच नाही. एक टायर फिरला की चाकोरीत पाणी साचतं नाहीतर वाहून जातं, पुढच्या वर्षी तिथं फूल नाही. संवर्धन राखीव क्षेत्र आहे ते आता, तरी लोक रील काढायला बाईक घालतात. कडंला लावा, चालत जा, गुडघ्यावर बसून बघा. उभ्यानं काही दिसत नाही तिथं.

जरगनगरहून

बहाव्याच्या शेंगा जमवून ठेवल्यात, पण बी उगवत नाही, कशामुळं ते कुणाला माहितीय का?

(पहिल्या पोस्टवाला)

साल टणक असते म्हणून. बी एका बाजूनं पॉलिश पेपरवर जरा घासा, गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा, फुगलेलं तेवढं पिशवीत लावा. फुगलं नसेल ते परत घासा. जूनच्या पहिल्या पावसात लावलं तर बरं. रोपं जास्त झाली तर इथंच कळवा, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसला पाहिजेत, पाणी घालायची जबाबदारी आमची.